डावी पाकळी

“पाकळीला पानी दोन्हीकडं सारखं लाव, मालन. आन कधी हात चुकलाच, तर ज्याचं नुस्कान हुनार हाय त्याच्या दारात दिस बुडायच्या आत जाऊन सांग. देवीफुडं नाक घासून उपेग न्हाई. देवीचं कुठं काय नुस्कान झालेलं असतंय?”

राहीबाई, मालनबाईच्या सासूबाई, हे बोलल्या तेव्हा दोघींचे हात बारवेच्या पाण्यात होते. पाण्यात हात ठेवूनच मालनबाईने ‘व्हय’ म्हटले होते. त्याला अकरा वर्षे झाली. राहीबाई गेल्या, पाऊस दोन वर्षे रुसला, बारवेचे पाणी सतरा पायऱ्या खाली गेले. ते ‘व्हय’ मात्र होते तिथेच होते.

आज सकाळी मालनबाईचा हात चुकला होता. चुकला कसला, तिने चुकवला होता.

काष्टीपासून दोन कोसांवरच्या त्या गावात आता एवढी एकच बारव ओली होती. तळाशी झरा, आणि झऱ्याशी साती आसरांचे, पाण्यातल्या सात देवींचे, शेंदूर माखलेले सात दगड. आसरांना पुरुषाचा हात चालत नाही. तिसऱ्या पायरीखाली उतरलेल्या पुरुषाला त्या ओढून नेतात, असे गाव मानत आले होते. म्हणून पूजा गुरवाच्या घरातल्या बाईने करायची आणि कौलही तिनेच लावायचा. मधल्या दगडावर कण्हेरीच्या दोन पाकळ्या झऱ्याच्या पाण्याने चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर देवी हो म्हणाली, डावी पडली तर नाही. पाकळ्या बाईने लावायच्या, पण देवीला काय विचारायचे ते मात्र वरच्या पायरीवरून पुरुषांनी ठरवायचे.

काल दिवेलागणीला आप्पासाहेब मालनबाईच्या ओट्यावर येऊन बसले होते. पंचांमध्ये त्यांचा शब्द पहिला. लिंबोणीची तीनशे झाडे त्यांची, आणि ती वाळत चालली होती.

“वैनी, उद्या देवीला इचारायचंय. बारवंवर इंजिन बसवावं म्हनतो. बाग जगंल, आन गावालाबी नळानं पानी दीन.”

“आन वढ्यापल्याडच्या बायांना?” मालनबाईने दाराआडून विचारले.

“त्यांना सरकार हाय की,” आप्पासाहेब हसले. “टँकर यायचाय म्हनं. तवर दुष्काळी कामावर खडी फोडाय जात्यात तिथं पित्यातच ना पानी?”

ते गेल्यावर सहादेवने, तिच्या नवऱ्याने, गुळाचा एक खडा तिच्या तळहातावर ठेवला. तिच्याकडे न बघता म्हणाला, “डाव्या पाकळीला एवढासा लाव.”

“अवं, आसरांफुडं?”

“आसरा पोसत्यात व्हय आपल्याला? पंचांनी उद्या दुसरा गुरव आनला तर चार लेकरं कुठं न्यायची, सांग.”

तिने खडा पदराच्या टोकाला बांधला होता.

सकाळी प्रश्न पुरा व्हायच्या आतच उजवी पाकळी गळून पडली.

“अगंबाई, आज देवीला लईच घाई,” वर जमलेल्या बायकांतली बनुबाई म्हणाली. “आप्पांचं बोलनं तरी सरू द्यायचं.” बायका पदराआड हसल्या, आप्पासाहेबही हसले, नारळ फुटला. इंजिन उद्या गाडीत घालून आणायचे ठरले.

बारवेच्या काठापासून चार हात दूर ओढ्यापलीकडच्या बाया घागरी घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या जातीला बारवेची पायरी नव्हती. मालनबाईच रोज खालून पाणी आणून त्यांच्या घागरींत वरून ओतायची, अंग लागणार नाही असे.

“गुरवीनबाई, काय म्हनली आई?” त्यांच्यातल्या छबूबाईने घागर पुढे सारत विचारले.

“व्हय म्हनली.”

“आईनंच म्हनलं म्हंजी झालं,” छबूबाई म्हणाली. “सून बाळंत झालीया, पाचवा दिस हाय. तिला काय सांगायचं, तीबी आईच बगंल.” आणि तिने लांबूनच बारवेला हात जोडले.

ते जोडलेले हात दुपारभर मालनबाईच्या डोळ्यांसमोरून हलेनात. रेशनच्या तांबड्या मिलोची भाकरी ताटात तशीच राहिली. आढ्यावर पाल चुकचुकली तरी ती वर बघायची. धाकटी पोर अंगणात दिसेना, तेव्हा ती अनवाणी रस्त्यावर धावली. पोर गोठ्यात झोपली होती. मालनबाईने तिच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. मोठीलाही नव्हता. दोन्ही मुलगे विटीदांडू खेळत होते. नवरा धडधाकट होता. साप नाही, वावटळ नाही, काही नाही.

शिक्षा झाली असती तर एकवेळ बरे, असे तिला वाटले. लहानपणापासून ती ऐकत आली होती की आसरा खोटे खपवून घेत नाहीत. मग आज गप्प का? त्यांना हे चालले? की त्या कधी बोलतच नव्हत्या, आणि एवढी वर्षे फक्त पाकळ्याच गळत होत्या? हा विचार मनात आला आणि तिने घाईघाईने दोन्ही कान धरले. पण तो गेला नाही.

ऊन उतरल्यावर ती नेहमीप्रमाणे घागर घेऊन बारवेत उतरली. सकाळ-संध्याकाळ सातही दगडांवर पाणी घालायचा तिचा नेम होता. लग्न झाल्यापासून, विटाळ-सुवेराचे दिवस सोडले तर, तो मोडला नव्हता.

शेवटच्या पायरीवर ती थांबली.

मधल्या दगडावरून मुंग्यांची तांबडी रांग चालली होती. भेगेतून निघून, शेंदरावरून चढत, थेट डाव्या पाकळीपर्यंत. पाकळी सुकून तपकिरी झाली होती तरी सुटली नव्हती, आणि तिच्या कडेला मुंग्यांचा गच्च पुंजका हलत होता. दुष्काळात मुंगीलाही गोड कुठे मिळत होते?

उद्या इंजिनाच्या पूजेला बायका खाली उतरतील. बनुबाईची नजर तर घारीची. पाण्याने लावलेल्या पाकळीला मुंग्या लागत नाहीत, हे तिला सांगावे लागणार नव्हते.

मालनबाईने पदराचे टोक बोटाला गुंडाळले. एकदा फिरवले की पुरे होते. बोट दगडापाशी गेले आणि तिथेच राहिले.

“आवरलं का?” वरून सहादेवचा आवाज आला. तो तिसऱ्या पायरीवर उभा होता. “डावीला मुंग्या लागल्यात,” ती म्हणाली, तसा त्याचा चेहरा उतरला. “मुंग्या? पूस आदी.”

“तुमीच या की पुसाय.”

सहादेवने पाय उचलला, चौथ्या पायरीवर टेकता टेकता मागे घेतला. “मी कसा येऊ?” तो पुटपुटला.

काल आसरा पोसत नाहीत म्हणणारा हाच माणूस होता. मालनबाईला त्याचा राग आला नाही, कीवच आली. आपल्यासारखाच भ्यालेला.

तिने सातही दगडांवर पाणी घातले. मधल्यावर घालताना डाव्या कडेला धार लागू दिली नाही. मग घागर पुन्हा भरली, डोक्यावर घेतली आणि वर आली.

“कुठं निगालीस?”

“छबूबाईकडं. सून बाळंत झालीया तिची.”

“काठावरनं वत की. रोज वततीस तसं.”

“काठावरनं सांगता यायचं न्हाई.”

सहादेवला कळले. त्याने घागरीच्या काठाला हात घातला, थोडे पाणी तिच्या खांद्यावर सांडले. “मालन, सुवेराचं घर हाय ते. तिथं पाय ठिवलास तर दहा दिस देवीला हात लावता यायचा न्हाई. उद्या तो दगड कोन धुनार? दुसऱ्या कुनाचा हात चालत न्हाई.”

“ठाव हाय मला.”

“लेकरं हायती आपली.”

“तिच्या सुनंलाबी हाय,” ती हळूच म्हणाली. “पाच दिसाचं.”

त्याचा हात घागरीवरून सुटला. ती पुढे निघाली. छबूबाईसमोर पहिला शब्द कोणता काढायचा, ते तिला सुचत नव्हते. समोर सूर्य ओढ्याकाठच्या बाभळीच्या शेंड्याला टेकला होता. म्हणजे दिवस अजून बुडाला नव्हता. मालनबाईने घागर सावरली आणि कोरड्या ओढ्यात पाऊल टाकले.