नुसतं दाखवायचं बटण

शोरूमच्या मॅनेजरसमोर मी टेबलावर हात आपटला. "तुमच्या वेबसाइटवर व्हीलचेअर चढवता येणारी गाडी बघताना मी 'कुकीज नको'चं बटण दाबलं होतं!"

"त्या बटणाला आम्ही काही जोडलेलंच नाही," तो थंडपणे म्हणाला. "माहिती जाहिरातवाल्यांकडे जातेच. सगळेच असं करतात. तुम्हीच एवढं मनावर घेताय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

डॉक्टरांचं बोलणं आम्ही बाबांपासून लपवलं होतं. "बरे झालात की फिरायला जाऊ," असं आई त्यांना रोज सांगायची. आज सकाळी पलंगावर बसून ते माझ्याच लॅपटॉपवर बातम्या वाचत होते. बातमीशेजारच्या जाहिरातीत याच शोरूमची तीच गाडी झळकली.

बाबांनी चष्मा काढला आणि मला विचारलं, "मी चालणार नाही, हे तुला कधी कळलं?"