पाणी नर निघालं

जावईबापू म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतला एक उंदीर. नाव मीच ठेवलं, कारण त्याचे लाडच तसे होते. खास पिंजरा, मऊ भुसा, आणि कुणी दार आपटलं की आमच्या प्रमुख मॅडम खेकसायच्या, "हळू! तो दचकेल ना!"

लाड उगाच नव्हते. मॅडमनी सगळी हयात एका प्रश्नापायी घालवली होती: नर हा नर का होतो? वाय गुणसूत्रामुळे, हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण मॅडम म्हणायच्या, अख्खं वाय कशाला, त्यातलं एक एवढंसं जनुक पुरे. परिषदांमध्ये लोक तोंडावर हसायचे, आणि मला त्यांचे गळे दाबावेसे वाटायचे.

म्हणून आम्ही उंदरांच्या गर्भांत तेवढं एकच जनुक घालत बसलो होतो. गर्भ मुळात नराचा की मादीचा हे त्या वेळी कळत नाही, त्यामुळे नर जन्मला की त्याच्यात वाय आहे का ते आधी बघायचं. वाय असलं तर तो साधा नर, आपला काही संबंध नाही; वाय नसूनही नर, तर ती आमच्या जनुकाची करामत. आजवर सगळे साधेच निघाले होते. जावईबापूंची गुणसूत्रं मात्र सूक्ष्मदर्शकाखाली मादीची असल्यासारखी वाटली होती. 'वाटली' या शब्दावर कुणी संशोधन छापत नाही. पक्की चाचणी हवी होती, आणि शुक्रवारी मॅडम निवृत्त होणार होत्या.

सोमवारी चाचणी लावली. प्रत्येक नमुन्याला एक रकाना, आणि वायचा दुसरा भाग, म्हणजे आम्ही घातलेलं जनुक सोडून, त्यात असेल तर जांभळ्या दिव्याखाली पट्टी चमकते. जावईबापूंच्या रकान्यात पट्टी चमकली, चांगली झगझगीत.

मॅडम स्टुलावर मटकन बसल्या. "संपलं. हाही साधाच. आयुष्यभर उंदरांनी मला मामा बनवलं गं."

मला रडूच यायला लागलं होतं, तेवढ्यात माझी नजर शेवटच्या रकान्यावर गेली. तिथे आम्ही नुसतं पाणी घालतो, पडताळ्यासाठी. तिथेही पट्टी!

"मॅडम, पाणीसुद्धा नर आहे!"

आधी त्यांनी मला वेड लागलंय अशा नजरेने माझ्याकडे बघितलं, मग आम्ही दोघी पोट धरून हसलो. कुठून तरी नर उंदराचा अंश सगळ्या नळ्यांत शिरत होता. म्हणजे चाचणी खोटी, म्हणजे आशा जिवंत!

मग सुरू झाली शोधाशोध. मॅडमनी माझ्यावर संशय घेतला, मी यंत्रावर, यंत्रवाल्याने आम्हा दोघींवर. नवं पाणी आणलं, नव्या नळ्या काढल्या. मंगळवारीही पाणी नरच! चिडून मी मॅडमच्या हातांकडे बघत बसले, आणि ट्यूब पेटली. मॅडमचा पांढरा कोट! पांढरा आपला म्हणायचा. पहिला शोधनिबंध छापून आला त्या दिवशी तो अंगात होता, तेव्हापासून त्याला पाणी लागलं नव्हतं. रोज सकाळी त्या हाच कोट घालून नरांच्या पिंजऱ्यांत हात घालायच्या आणि मग त्याच लोंबत्या बाह्यांनी आमच्या उघड्या नळ्यांवर वाकायच्या.

"कोट धुवायचा? अगं, माझं नशीब आहे त्यात!"

"नशीब नाही मॅडम, उंदरांचा कोंडा आहे."

त्या ऐकेनात. शेवटी मी त्यांच्या घरी फोन लावला. काका, म्हणजे त्यांचे यजमान, पिशवी घेऊन स्वतः हजर झाले. "हा दिवस बघायला मी उरेन असं वाटलं नव्हतं," म्हणत त्यांनी कोट दोन बोटांनी उचलला आणि नाक दाबून निघून गेले.

बुधवारी मी एकटीने चाचणी लावली. मॅडमना खोलीबाहेर काढलं होतं. दाराच्या काचेला नाक चिकटवून त्या बाहेरूनच सूचना देत होत्या. मी तिकडे लक्षच दिलं नाही.

दिवा लावला. पाण्याचा रकाना कोरा. साध्या नराचा चमकता. जावईबापूंच्या रकान्यात कुठल्याही उंदरात दिसणारी खुणेची पट्टी ठसठशीत, म्हणजे नमुना ठीक होता. आणि वायची?

दार ढकलून मॅडम आत. "आहे?"

"नावालाही नाही."

त्यांनी माझे दोन्ही हात धरून मला गरागरा फिरवलं. एक स्टूल पडलं, त्या रडल्या, मी रडले, आणि चक्कर येऊन मी जमिनीवरच बसले. इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या पदवीचाही झाला नव्हता.

मॅडम मात्र जावईबापूंच्या पिंजऱ्याशी जाऊन वाकल्या होत्या.

"अगं, महिनाभर त्याला दोन माद्यांबरोबर ठेवलंय. उत्साह दांडगा, पण पिल्लू एक नाही. नर होणं एका जनुकाचं काम. मग बाप होणं कुणाचं?"

"मॅडम, शुक्रवारी तुमचा निरोप समारंभ आहे."

"शुक्रवारी ना?" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "आज बुधवार आहे. ऊठ."