वय वाढायचं राहून गेलं

आमच्या पोहण्याच्या क्लबाचा डेटाबेस मी हौसेनं, फुकटात करून दिला. त्यात सभासदाच्या जन्मतारखेशेजारी वयाचाही रकाना ठेवला. बायकोनं सहज विचारलं, जन्मतारीख आहे तर वय वेगळं कशाला? मी तिला वेगावर व्याख्यान दिलं. उत्तर तयार असलं की कॉम्प्युटरला दर वेळी गणित करावं लागत नाही, वगैरे. ती मध्येच उठून गेली. तिला पटलं, असा मी अर्थ काढला.

पुढे तलाव दुरुस्तीसाठी बंद झाला आणि काही वर्षं शर्यती झाल्याच नाहीत. यंदा झाल्या. वयोगट अर्थातच माझ्या प्रोग्रॅमनं पाडले. शिट्टी वाजणार, एवढ्यात चिमुरड्यांच्या रांगेत प्रशिक्षकांच्या खांद्याला लागणारी एक मुलगी रडवेली उभी दिसली. क्लबात आली तेव्हा ती सात वर्षांची होती. माझ्या तक्त्यात अजूनही सातच.

प्रशिक्षकांनी लगेच लॅपटॉप आणून माझ्यासमोर ठेवला. पोहण्याची चड्डी, डोक्याला रबरी टोपी, अशा अवतारात मी वयाचा रकाना उडवला आणि यादी काढतानाच जन्मतारखेवरून वय मोजलं जाईल अशी सोय केली. घाईत नुसतं सालातून साल वजा केलं. बायको मागून बघत होती.

"माझा वाढदिवस अजून यायचाय," ती म्हणाली. "आजच चाळिशीत ढकलू नकोस."

मग मुकाट्यानं महिना आणि दिवसही धरला.

याद्या नीट लागल्या. मुलगी हसत आपल्या वयाच्या पोरींत गेली. मी मात्र थेट पंचेचाळिशीपुढच्या गटात जाऊन पडलो. त्यात माझे सासरेही होते. मनातून मी खूश झालो. म्हाताऱ्यांत पहिला नंबर कुठे जातोय! सुटलो तो बाणासारखा. अर्ध्यावर छाती भरून आली आणि मी दोरीला लोंबकळलो. सासरे शेजारून संथपणे पुढे गेले. जाता जाता, पाय हलवा जावईबापू, एवढं सांगायला विसरले नाहीत.

नंतर प्रशिक्षक निकाल भरायला बसले. सगळ्यांच्या वेळा भरून झाल्या, पण नंबराचा रकाना त्यांना सापडेना. मी सांगितलं, या खेपेला तो ठेवलाच नाही. वेळेवरून नंबर आपोआप निघतो.

"मग काढ की," ते म्हणाले.

"काढतो," मी म्हणालो. "पण पहिले तीनच."