गोव्याच्या वाटेच्या दशम्या

आमच्या राळेगावच्या मास्तर लोकायले गोव्याचं वेड लागलं ते एका साधूच्या पायी. पोर्तुगीज जाऊन तीन वर्सं झालती. जुन्या गोव्याच्या चर्चमंधी फ्रान्सिस झेवियर नावाच्या साधूचं शव नाताळाच्या सुट्टीत लोकायले पाहाले ठेवनार हाय, चारशे वर्सांचं हाय अन् सडलं नाही म्हनतात, असं पेपरात आलं. झालं. रामराव हेडमास्तरानं एस.टी.ची आख्खी गाडीच ठरवली. मास्तर लोक अन् त्यायच्या बायका. नांदेड, सोलापूर, कोल्हापूर करत जायचं, चर्च पाहाचं, समुद्र पाहाचा अन् वापस यायचं.

मी पंचफुला. माहा नवरा डोमाजी, त्याच शाळेत तिसरीले शिकवते. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हनतात, मी घेतलं, काय होते ते होऊ द्या. गावात त्यायले सारे गुरुजी म्हनतात, मी बी तेच म्हनते. गुरुजी विहारात बोलाले उभे राह्यले का ऐकनाऱ्याच्या आंगावर काटा येते. छप्पन साली आमी दोघं नागपूरले गेलतो, दीक्षा घेतली, घरी येऊन देव्हारा रिकामा केला. पन हाच मानूस शाळेच्या दारातून आत गेला का त्याच्या तोंडातून 'हो जी' शिवाय दुसरा शब्द निघत नाही. मले त्या 'हो जी'चा लय राग येते.

खोटं कायले बोलू, गोव्याले मले बी जायचं होतं. मेलेला मानूस पाहाची हौस नव्हती मले. जित्या मानसायच्या रांगेत बसून जायचं होतं. बाकीच्या मास्तरनी ज्या गाडीत, त्याच गाडीत मी, त्यायच्या बाजूच्या बाकावर. आमच्या घरातली कोनती बाई अशी गेलती आजवर?

वाटेच्या खान्याचं ठरवाले हेडमास्तराच्या बायकोनं, वच्छलाबाईनं, आमाले साऱ्यायले आपल्या घरी बोलावलं. ओसरीवर सतरंजी टाकलती. मले कडेले बसवलं, पन सतरंजीवरच बसवलं, तेवढं खरं सांगाले पाह्यजे. चहा आला. माहा चहा काचेच्या गिलासात, बाकीच्यायचा पितळेच्या. मी पेली. म्हटलं, जाऊ दे, आज भांडाचं नाही.

आंधी चर्चचंच बोलनं निघालं. वच्छलाबाई एकदम गंभीर होऊन म्हने, "आपन इतक्या दुरून जाऊन राह्यलो, पन ते पाद्री लोक आपल्याले आत घेतीन नं?"

नंदाबाई, दुसऱ्या एका मास्तराची बायको, म्हने, "काहून नाही घेनार?"

"काहून म्हंजे? आपन त्यायच्या धर्माचे नाही. बाहेरूनच पाहा म्हनले तं? दारातून हाकललं तं?"

नंदाबाईचं तोंड उतरलं. "बाप्पा, हे तं माह्या ध्यानातच नाही आलं. इतका खर्च करून जायचं अन् दारात उभं राहून वापस यायचं. किती अपमान व्हईन."

साऱ्याजनी हळहळल्या. दारात उभं राहनं म्हंजे काय असते, याचा इचार त्या बायका पह्यल्यांदाच करून राह्यल्या होत्या. मी चहा पेत ऐकत होती. हासू येत होतं अन् राग बी येत होता. कळंबच्या चिंतामनीच्या देवळात माही माय कधी पायरी चढली नाही. त्याच्यावर कोनी हळहळलं नव्हतं.

मग खान्याची वाटनी झाली. सारं एका मोठ्या टोपल्यात ठेवाचं, वाटेत सोडाचं अन् साऱ्यायनं मिळून खायचं, असं ठरलं. नंदाबाईनं चिवडा करायचा. मारोतराव मास्तराच्या बायकोनं तिखट शेव. कोनी लाडू, कोनी जवसाची चटनी. मी वाट पाहत होती. दशम्या कोनी घेतल्या नव्हत्या अन् माह्या हातच्या दशम्या आठ दिवस मऊ राह्यतात.

मी म्हटलं, "दशम्या मी करते."

वच्छलाबाईनं माह्याकडे पाह्यलंच नाही. पदर नीट केला अन् गोड आवाजात म्हने, "पंचफुलाबाई, तुमाले कायले तरास? तुमी गहू द्या. दळून, मळून दशम्या आमी करू."

आता ज्याले कळत नाही त्याले सांगते. आमच्या घरचा दाना चालते. दान्याले विटाळ नाही. पीठ भिजवलं, आमचं पानी लागलं, आमचा हात लागला, का मग ते चालत नाही. हे माह्या आजीच्या येळचं. मले वाटलं होतं, शिकल्या-सवरल्या घरात तरी संपलं असन.

मी गिलास खाली ठेवला. "वच्छलाबाई, चर्चवाले तुमाले आत घेतीन. त्याची चिंता नोका करू. तुमी मले तुमच्या टोपल्यात घेत नाही, त्याचं सांगा."

नंदाबाई सतरंजीचं सूत उपटाले लागली.

वच्छलाबाई म्हने, "तुमी तं भलताच अर्थ काढून राह्यल्या. आमच्या मनात तसं काही नाही."

"मनात नसन तं टोपल्यात येऊ द्या. गहू मी देनार नाही. देईन तं दशम्या देईन."

अन् उठली तशी घरी आली.

गुरुजी घरी नकाशा पसरून बसलते. गोव्याचा. त्यावर पेन्शिलीनं रेघ मारलती. मी सारं सांगितलं. ऐकता ऐकता त्यायचं तोंड काळं पडलं. मले बरं वाटलं, म्हटलं चला, लागलं मानसाले.

पन ते म्हने, "आता गाडी ठरली हाय. आयत्या येळेवर कायले वाद? चर्च पाहू, समुद्र पाहू. चार दशम्यायसाठी..."

"चार दशम्यायसाठी नाही," मी म्हटलं. "तुमी विहारात ज्याच्यासाठी घसा फोडता, त्याच्यासाठी. उद्या शाळेत मीटिंग हाय. तिथं उभे राहा अन् साऱ्यायच्या समोर सांगा, का माह्या बायकोच्या हातच्या दशम्या त्या टोपल्यात जातीन. दुसरं काही मागत नाही मी तुमाले. गोवा बी मागत नाही. एवढं तुमच्या तोंडून आईकू द्या."

त्यायनं नकाशाची घडी केली अन् म्हने, "बोलतो. उद्या बोलतो."

"खरं?"

"शब्द देल्ला नं."

त्या दिवशी मी त्यायले खुशीनं वाढलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर चौथीच्या वर्गात सारे जमले. मास्तर बाकावर, बायका भिंतीच्या कडेनं. रामराव हेडमास्तराले घाम आलता. वच्छलाबाईनं घरी सांगितलं असनच. अन् त्याले भेव वच्छलाबाईचं नव्हतं, भेव होतं तक्रारीचं. शिवाशिवीचा कायदा झालता, वर कागद गेला असता तं त्याले जवाब द्या लागला असता. म्हनून हाताची घडी घालून मानूस लोन्यावानी मऊ बोलत होता.

"खान्याच्या बाबतीत भगिनी मंडळात थोडा गैरसमज झाला. त्यावर कोनाले काही सुचवाचं असन तं सुचवा."

गुरुजी उठले.

माहा जीव कानात आला. काय सांगू, त्या घडीले मले माह्या नवऱ्याचा इतका गर्व वाटला का लग्नात बी वाटला नव्हता. त्यायनं धोतर नीट केलं, घसा साफ केला. तोच आवाज, विहारातला.

"सहकारी बंधू-भगिनींनो," ते म्हने, "आपन एका पवित्र ठिकानी चाललो. वाद घेऊन जाऊ नये. कोनाच्या मनाले लागन असं बी काही होऊ नये. म्हनून माहा असा ठराव हाय का, एका टोपल्याची भानगडच नको. ज्याचा डबा त्याचा. ज्यानं त्यानं आपल्या घरून आनावं, आपलं आपन खावं. म्हंजे सारे सारखे."

आंधी क्षनभर कोनाले समजलंच नाही. मग मारोतराव मास्तरानं टाळी वाजवली. मग साऱ्यायनंच वाजवली. रामरावानं कपाळ पुसलं. वच्छलाबाई नंदाबाईले म्हने, "पाह्य व, किती समजदार मानूस हाय."

मी भिंतीले टेकून उभी होती. आख्खी गाडी आपापला डबा मांडीवर घेऊन तोंड फिरवून जेवन, पन माही दशमी कोनाले खा लागनार नाही. याच्यासाठी माह्याच नवऱ्यानं ठराव मांडला होता. वच्छलाबाईनं माहा अपमान केला, तो मी तिच्या तोंडावर फेकून आली होती. हा कोनाच्या तोंडावर फेकू?

रस्त्यानं गुरुजी खुशीत होते. म्हने, "झालं नं आता मनासारखं? गहू बी द्या लागत नाहीत, भांडन बी मिटलं. कोनी नाव ठेवलं नाही."

मी पदर खोचला अन् पुढं चालाले लागली. बोलली असती तं रस्त्यातच बोलली असती अन् मग गाव गोळा झालं असतं.

जायच्या दिवशी दुपारी मी चुलीजवळ बसली. दुधात कनिक भिजवली, गूळ टाकला, दशम्या केल्या. मस्त झाल्या. गार करून डब्यात भरल्या, फडकं बांधलं, डबा पिशवीत ठेवला. गाडी संध्याकाळी सुटनार होती. गुरुजी इस्तरीचा सदरा घालून तयार होते, नकाशाची घडी खिशात. त्यायनं पिशवीत डोकावून पाह्यलं.

"एवढ्याशा? दोघायले पुरतीन का?"

"दोघायच्या नाहीत. माह्या हायेत."

"म्हंजे? अन् माहा डबा?"

"ज्याचा डबा त्याचा," मी म्हटलं. "ठराव तुमचाच हाय."

ते हासले. मी हासली नाही, तवा त्यायचं हासू आटलं.

"पंचफुला, असं काय करतेस? दोन रोजाचा रस्ता हाय. मी खाऊ काय वाटेत?"

"वच्छलाबाईले मागा नं. तुमाले समजदार म्हनते ती. नाही म्हननार नाही, देईन ती तुमाले." मी पिशवी खांद्याले लावली. "फक्त ओंजळ खाली धरजा. वरूनच टाकन ती."

गुरुजी तिथंच खाटेवर बसले. त्यायचा बाप अन् माहा बाप, दोघंबी पाटलाच्या विहिरीवर तशीच ओंजळ धरून पानी पेत होते, हे त्यायले सांगाची गरज नव्हती.