पदवी जप्त करा

संघमित्राच्या शैक्षणिक कर्जाचा हप्ता अखेर निम्मा झाला आणि पप्पांच्या पेन्शनला बँकेने हात लावला नाही. तर, एवढ्यात असं काही झालेलं नाही. संघमित्रा अजून मुलुंडच्या शाखेत बाकावर बसली आहे. मांडीवर भिंतीवरून उतरवलेली फ्रेम, फ्रेममध्ये तिची इंटिरियर डिझाइनची पदवी.

त्याचं असं झालं, की ज्या कंपनीत ती लागली तिने आधी स्वतःचंच ऑफिस सजवायला काढलं आणि त्या सजावटीतच कंपनी बुडाली. हप्ते थकले. आता ती घाटकोपरला सोफ्याच्या दुकानात होती. त्या पगारात निम्मा हप्ता बसत होता, उरलेला उभाच राहत होता. तेवढ्यात बँकेचं पत्र आलं: पुढचा हप्ता चुकल्यास रक्कम सहकर्जदार अंबादास यांच्या पेन्शन खात्यातून वळती करू.

"घेऊ दे की," पप्पा म्हणाले. "मला काय लागतं?"

त्यांना बीपीच्या गोळ्या लागत होत्या. पेन्शनमधला रुपयाही जाणार नाही, असं संघमित्राने तिथेच ठरवलं.

फ्रेमची आयडिया शेजारच्या विकीची. हप्ते थकले म्हणून फायनान्सवाल्यांनी त्याची रिक्षा उचलून नेली होती. "ज्याच्यासाठी कर्ज काढलं ते देऊन टाकायचं. विषय संपला."

कर्ज विभागाच्या नलिनी मॅडमनी फ्रेम उलटीसुलटी करून बघितली. "हिचं मी काय करू?"

"जप्त करा. विकीची रिक्षा केली तशी."

"रिक्षा चालते तरी गं." मॅडमनी फ्रेम परत दिली. "हप्ता कमी करायचा अर्ज असतो. पण आज गर्दी बघतेस ना? सोमवारी ये."

सोमवारी दुकानाला सुट्टी. ती आली. गर्दी होती. पुढच्या सोमवारीही आली. बसून बसून तिच्या लक्षात आलं, की बाकांची तोंडं भिंतीकडे आहेत आणि टोकनचा बोर्ड पाठीमागे. म्हणून जो तो उठून नलिनी मॅडमना विचारतो, "माझा नंबर आला का?" मॅडमची नोकरी मुख्यतः यातच चालली होती.

"आजोबा, जरा पाय वर घ्या," संघमित्रा म्हणाली आणि आजोबांसकट बाक फिरवला. मग बाकीचे.

"कोणाची परवानगी?" शिपायाने विचारलं.

तिने फ्रेम दाखवली. त्याने ती शिक्क्यासकट वाचली आणि शेवटचा बाक दुसऱ्या बाजूने धरला.

थोड्याच वेळात मॅडमकडे कुणी येईना. त्यांनी पेन सरळ ठेवलं, स्टेपलर सरळ ठेवला. समोर संघमित्रा उभी.

"आता वेळ आहे ना, मॅडम?"

"आहे," मॅडम जरा दुःखाने म्हणाल्या आणि अर्ज काढला. हप्ता निम्मा, मुदत लांब, सहकर्जदाराची सही.

पप्पा येऊन सही करून गेले. जाताना शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, "रिकामा सोडू नकोस, फुकट आहे."

संघमित्राने लिहिलं:

"इतर विनंती: तरी सदर पदवी बँकेने ताब्यात घेऊन स्वतः नोकरीस लावावी, तिचा पगार परस्पर कर्जखाती जमा करावा, आणि नोकरी न मिळाल्यास शाखा व्यवस्थापकांनी तिची समजूत काढावी, ही नम्र विनंती."