खांद्याला झेपणारी रायफल

गोळी सुटली, हरणाचा नर जागच्या जागी वाकला आणि उड्या मारत नेच्यांच्या दाटीत शिरला. "लागली," बाबा म्हणाले. लागली हे मलाही दिसलं होतं. कुठं, ते नव्हतं दिसलं.

बाबा म्हणजे माझे सासरे, पद्माकर. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगजवळच्या या जंगलात गेली तीस वर्षं शिकार करतात. मी परवाना काढला तोही त्यांच्याच नादानं. खांद्याच्या ऑपरेशननंतर मोठ्या रायफलचा दणका सोसेना, म्हणून त्यांनी ही बारीक बोअरची, हलक्या दणक्याची घेतली. इथल्या लहान चणीच्या हरणासाठी कायद्यानं चालते, रानडुकरासाठी नाही. पण तिची गोळी बऱ्याचदा आरपार जात नाही, मागावर रक्त पडत नाही. नेम जरा हुकला की जनावर आत कुठंतरी तडफडत राहतं. मी बजावलं होतं. सुनेचं ऐकतंय कोण!

थर्मासमधला चहा संपेपर्यंत आम्ही मचाणावरच थांबलो. लगेच मागे गेलं की जखमी जनावर आणखी लांब पळतं. खाली आलो, तर नुसते केस सापडले, रक्ताचा थेंब नाही. उजेड भराभर कमी होत होता.

"योहानाला बोलावते," मी म्हटलं. शेजारच्या गावच्या योहानाची कुत्री जखमी जनावराचा माग काढते.

"नको. मी बघतो. गावभर होईल, म्हाताऱ्याचा नेम गेला म्हणून."

"होऊ दे की! अहो बाबा, ते आत मरतंय!" मी फोन लावला. त्यांनी तोंड फिरवलं.

योहानानं आल्या आल्या एकच विचारलं, गोळी कुठं लागली? छातीत असेल तर हरीण जवळच मरून पडलेलं असणार, कुत्री मोकळी सोडता येईल. नाहीतर लांब दोर आणि भरलेली रायफल.

"छातीत," बाबा म्हणाले. मी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मला भयंकर राग आला होता.

"नाही," ते हळूच म्हणाले. "मला माहीत नाही. चाप ओढताना डोळे मिटले माझे. दणक्याची भीती वाटते अजून."

कुत्री दोर ताणत ओढ्यापाशी थांबली. नर जिवंत होता, मान उचलून आमच्याकडे बघत होता. बाबांनी रायफल वर केली. मग पुन्हा खाली घेतली.

"मैथिली, तू."

माझ्या मोठ्या रायफलचा दणका खांद्यात बसला आणि सगळं शांत झालं.

बाबांनी इथल्या शिकाऱ्यांच्या रिवाजाप्रमाणे ओकची डहाळी मोडून हरणाच्या तोंडात शेवटचा घास म्हणून ठेवली. दुसरी डहाळी शिकाऱ्यानं टोपीत खोचायची असते. त्यांनी ती कुत्रीच्या पट्ट्यात खोचली.

"माझ्या खांद्याला काय झेपतं तेवढंच बघितलं गं मी," ते म्हणाले, आणि तिथंच, हरणाच्या शेजारी, गवतात बसले.