सोनेरी पाण्याचा चंबू

काचेचा चंबू जुना झाला की त्याच्या पोटावरचे आकडे पुसट होतात. मित्रांनो, माझेही तसेच झाले आहेत.

मी भट्टीत जन्मलो, पण आयुष्य गेलं प्रयोगशाळेच्या थंड कपाटात, मंद दिव्याखाली. माझ्या पोटात ध्रुवाकडच्या समुद्राचं पाणी होतं आणि त्यात डोळ्यांना न दिसणारी इवली इवली शेवाळं. लाखोंनी जमली की पाणी सोनेरी दिसे. तिकडचे सारे मासे शेवटी यांच्याच जिवावर जगतात.

समुद्र तापला तर यांचं काय होईल, हे शोधणं आमच्या प्रयोगशाळेतल्या संशोधक ताईंचं काम. माझ्या भावंडांना, म्हणजे तीच शेवाळं भरलेल्या बाकीच्या चंबूंना, त्या रोज जराजरा ऊब देत. आधी शेवाळं जोमानं वाढली, सगळे हरखले. मग आणखी थोडी ऊब मिळाली आणि पाणी पांढरं पडलं. तुलनेसाठी ज्याला ऊब द्यायचीच नव्हती असा मी एकटा उरलो. ज्या बर्फाखालून ती शेवाळं आणली, तो बर्फही वितळून गेला होता. ती जात आता फक्त माझ्या पोटात होती.

सकाळी मला पाहिल्याशिवाय ताई पाण्याचा घोटही घेत नसत. धरायच्या मानेलाच, तळहाताची ऊबसुद्धा आतल्यांना सोसणारी नव्हती.

एके दिवशी पाहुणे आले. मोठ्या साहेबांनी कपाट उघडलं.

“साहेब, हा नको,” ताई हळूच म्हणाल्या. “तापवलेले दाखवा ना.”

“पाहुण्यांना काय मेलेलं दाखवू? तुम्ही पण ना, ताई!”

सगळे हसले. मी हातोहात फिरू लागलो.

“अगबाई, सोनंच की हे!”

“इकडे द्या, फोटो काढू या.”

कुणी पोटाशी धरलं, कुणी गालाला लावलं. ताईंचे ओठ हलले, पण आवाज हशात बुडाला. एवढं कौतुक माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. आणि प्रत्येक तळव्याबरोबर आत कुणीतरी विझत होतं.

दोन दिवसांत रंग गेला. ताईंनी सूक्ष्मदर्शकाखाली थेंबन् थेंब पाहिला.

“मागवा की पुन्हा,” साहेब दारातूनच म्हणाले.

“कुठून?”

साहेब घड्याळ बघत निघून गेले.

आता मी धुऊन, फळीवर पालथा घातलेला आहे. माझ्यात पाणी भरायला ताई धजत नाहीत. येतात, उभ्या राहतात, जातात.

मित्रांनो, तुमच्या कौतुकाच्या भरात कुणी हळू आवाजात ‘नको’ म्हणालं, तर तिथेच हात मागे घ्या. मऊ बोलणारं माणूस दुसऱ्यांदा म्हणेलच असं नाही. आणि म्हणालं, तरी तोवर उशीर झालेला असतो.